काळी बाटली, पिवळी बाटली: गंभीरच्या पाणलोटातल्या एका तळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

महूजवळच्या जानापाव टेकडीला माळव्यात फार मान आहे. चंबळ तिथून निघते, गंभीरही त्याच डोंगराळ भागातून. गंभीर उत्तरेला येते, इंदूरच्या पश्चिमेला यशवंतसागरात साठते आणि पुढे क्षिप्रेला मिळते. यशवंतसागर होळकर संस्थानाने १९३९ मध्ये बांधला. २०२२ पासून तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. इंदूरचं पाणी म्हटलं की आज नर्मदेचं नाव निघतं, पण ते शहरात आलं १९७८ मध्ये. त्याआधी शहराची मोठी भिस्त याच पाण्यावर होती.

हे प्रकरण यशवंतसागराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान गावतळ्याचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तळ्याला पाणी देणारा पाणलोट सुमारे १४० हेक्टरचा. माथ्यावर बरड माळ, त्याखाली काळ्या भारी जमिनीची शेतं आणि मधून वाहणारा एकच नाला. शेतं डोळ्यांना सपाट दिसतात, पण लेव्हल लावली तर शंभर पावलांत पुरुषभर उतार निघतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा.

मी इंदुरात भूगोल शिकवून निवृत्त झालो. या गावात माझे मावसभाऊ राहतात, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या पणजोबांना होळकरशाहीत इथे जमीन मिळाली. घरात मराठी, शेतावर माळवी, असं चार पिढ्या चाललं आहे. तळ्याच्या समितीत आप्पा होते, म्हणून मीही त्यात आलो.

अडचण

पूर्वी या तळ्यात अक्षय्य तृतीयेपर्यंत गुरांना पाणी असायचं. मग होळीलाच तळ दिसू लागला, आणि आम्ही हात घातला त्या वर्षी संक्रांतीच्या आतच. गावाचं म्हणणं एकच: पाऊस कमी झाला. इंदूरकडे वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तहसिलीतल्या नोंदी पाहिल्या तेव्हा कमी-जास्त वर्षं दिसली, पण सरळ घसरण दिसली नाही. पाणी येत होतं, राहायला जागा नव्हती.

जागा कशाने गेली ते पाहायला कोरड्या तळ्यात एक खड्डा खणला. त्याची भिंत खुरप्याने तासून साफ केली आणि आम्ही सगळे तिथेच उकिडवे बसून राहिलो. भिंतीवर पट्टे होते. वीतभर काळा चिकण गाळ, मग बोटभर पिवळसर जाड रेतीचा थर, पुन्हा काळा, पुन्हा पिवळा. दीड हात खोलीवर वेफर्सचं एक पाकीट निघालं. चिखल पुसल्यावर त्यावर छापलेली तारीख वाचता आली, आठ वर्षांपूर्वीची. म्हणजे त्याच्या वरचा सगळा गाळ गेल्या आठ पावसाळ्यांतला. पाऊस कमी झाल्याची चर्चा त्या दिवशी थांबली.

पट्टे दोन रंगांचे का, हे मात्र त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. याचा पस्तावा पुढे झाला.

समोरचे पर्याय

चैत्रात चौपालावर बैठक झाली. पहिला पर्याय सगळ्यांच्या ओळखीचा: पोकलेन लावून गाळ काढा. काम डोळ्यांना दिसतं, गाळ शेतात टाकता येतो. पण वरून माती येतच राहिली तर काही वर्षांत पुन्हा तेच, हे पाकिटाने दाखवलंच होतं.

दुसरा, नाल्यावर पक्का स्टॉपडॅम, म्हणजे पाणी अडवणारा बंधारा. सरपंचांचा ओढा इकडे होता. खर्च सगळ्यांत मोठा, आणि तोही गाळानेच भरला असता.

तिसरा, शेतांना बांध घालून माती जागच्या जागी धरायची. माझा आग्रह याचा होता. वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेली आकडेवारी डोक्यात होती: देशात सरासरी हेक्टरी १६.४ टन माती दर वर्षी जागा सोडते, असा अंदाज ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी १९८३ मध्ये मांडला होता. हेक्टरवरून एक मिलिमीटरचा थर गेला तरी ती दहा घनमीटर माती होते, वजनाने तेरा टनांच्या आसपास. नखाच्या जाडीएवढी माती गेली तर शेतकऱ्याला ती गेल्याचं कळतही नाही, आणि तीन ट्रॉल्या रिकाम्या झालेल्या असतात.

चौथी सूचना एका काकींची होती. त्या रोज नाल्याच्या काठाने बकऱ्या नेतात. गाडीवाट जिथे नाल्यात उतरते तिथली दरड दर साली मागे सरकते आहे, आधी तिला धरा, असं त्या म्हणाल्या. बैठकीने ऐकून घेतलं आणि पुढे गेली. काकींची त्या पाणलोटात बिघाभरही जमीन नव्हती, हे त्यामागचं एक कारण होतं, असं मला आज स्पष्ट वाटतं.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

बांध घालायचं ठरलं. पैसा सरकारी योजनेतून मिळायचा होता आणि ठरलेल्या मुदतीत खर्चायचा होता. म्हणून वैशाखाच्या उन्हात काम झालं. जेसीबीने सुकलेली ढेकळं ओढून समपातळीवर बांध रचले. पाणी मारलं नाही, धुम्मस करून माती ठोकून बसवली नाही, आणि जादा पाणी काढून द्यायला सांडवे ठेवले नाहीत.

काळ्या जमिनीचा स्वभाव ठाऊक असणाऱ्याने हे करायला नको होतं. ही माती उन्हात आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून पोटात जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी मुरतच नाही. समपातळीचे बांध कमी पावसाच्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीला ठीक. इथे बांधाला थोडा ढाळ हवा, शंभर फुटाला तीन-चार इंच, म्हणजे पाणी न पळता सावकाश एका बाजूला जातं. पुस्तकात हे आहे. मला माहीतही होतं. पण लेव्हलचं एवढं बारीक काम मुदतीत होणार नाही, म्हणून मी गप्प बसलो.

आषाढात, पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी, चाळीस मिनिटांत ३८ मिलिमीटर पाऊस पडला. बांधामागे पाणी तुंबलं, ढेकळांच्या फटींतून झिरपू लागलं आणि पाऊण तासात वरचा बांध फुटला. वरच्याचा लोंढा खालच्यावर आला, तोही गेला. एका शेतकरी भावांच्या दोन बिघ्यांतलं उगवलेलं सोयाबीन मातीसकट धुऊन निघालं, आणि शेताच्या मधोमध गुडघाभर खोल घळ पडली. पूर्वी तिथे घळ नव्हती. संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो तेव्हा ते आप्पांना एवढंच म्हणाले, "दादा, तुम्ही पाणी अडवलंत, पण त्याला वाट कुठे दिलीत?"

बाटल्यांनी काय दाखवलं

त्याच पावसात एक गोष्ट बरी झाली. बांधांचा उपयोग किती झाला ते पुढे ताडता यावं, म्हणून मी नाल्याच्या तोंडाशी, तळ्यात शिरण्याआधी, मापाच्या खुणा केलेली काठी रोवली होती. आप्पांच्या नातवाला लिटरच्या रिकाम्या बाटल्या देऊन ठेवल्या होत्या. पाऊस लागला की दर दहा मिनिटांनी एक बाटली भरायची, त्यावर वेळ आणि काठीवरची पाण्याची उंची लिहायची. अंगणात पर्जन्यमापक होता. त्यात साधारणपणे सकाळी साडेआठला एकदाच पाहतात. आम्ही जोराच्या पावसात दहा-दहा मिनिटांनी पाहिलं, कारण दिवसभराची बेरीज धूपेबद्दल फार थोडं सांगते.

चिकण मातीचे अगदी बारीक कण साध्या पाण्यात दहा सेंटीमीटर खाली बसायला आठेक तास घेतात, त्याहून बारीक असतील तर आणखी. म्हणून प्रत्येक बाटलीत चिमूटभर तुरटी फिरवली आणि सकाळी ओट्यावर रांग लावली. पोर चिंब भिजलं होतं, पण एकही बाटली चुकली नव्हती.

आषाढातल्या त्या रांगेत तिसरी बाटली सगळ्यांत गढूळ होती, तळाशी चार बोटं काळाशार गाळ. नाल्याचं पाणी सगळ्यांत वर चढलं होतं ते मात्र सहाव्या बाटलीला. पूर यायच्या आधीच माती निघून गेली होती. आधीच सुटी होऊन पडलेली माती पहिल्या लोंढ्यासरशी निघते, पुढे पाणी जास्त असलं तरी उचलायला तेवढी उरत नाही.

श्रावणात झड लागली. रात्र आणि दिवस मिळून ७४ मिलिमीटर, आषाढातल्या सरीच्या जवळजवळ दुप्पट. बाटल्यांच्या तळाशी कागदाएवढा थर. फरक थेंबाचा आहे. रिमझिमीचा बारीक थेंब सेकंदाला दोन मीटरच्या आतबाहेर वेगाने उतरतो. धो-धो पावसातला अर्ध्या सेंटीमीटरचा थेंब नऊ मीटरने येतो. तो उघड्या ढेकळावर आदळला की ढेकूळ फुटतं, सुटे कण छिद्रांत जाऊन बसतात आणि दुधावर साय धरावी तशी जमिनीवर साय धरते. मग पाणी मुरायचं थांबतं आणि पृष्ठावरून पळतं. धूप मोजण्याच्या विश्मायर-स्मिथ पद्धतीत पावसाचा गुणांक काढताना म्हणूनच सरीची ऊर्जा आणि तिच्या सर्वांत जोरदार अर्ध्या तासाचा वेग यांचा गुणाकार घेतात. शिवाय श्रावणात सोयाबीनच्या ओळी मिळालेल्या होत्या, थेंब पानांवर फुटत होता. पेरणीपासून ओळी मिळेपर्यंतचा महिना-सव्वा महिना जमीन उघडी असते, आणि माळव्यातल्या जोराच्या बऱ्याच सरी त्याच दिवसांत येतात.

तिसरी रांग भाद्रपदातली. तासाभरात ५२ मिलिमीटर, जमीन आधीच भरलेली. पीक दाट असल्याने थोडाच गाळ निघेल अशी माझी खात्री होती. निघाला दोन बोटं, आणि तो काळा नव्हता. पिवळा होता, बोटांत चोळला तर खरखरीत.

ओट्यावर आषाढातली काळी बाटली आणि भाद्रपदातली पिवळी शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा तळ्यातल्या खड्ड्याचे पट्टे आठवले. काळी माती शेताच्या पृष्ठावरची. पिवळी येते तिच्याखालच्या मुरमातून, आणि त्या पाणलोटात मुरूम उघडा पडलेली जागा मुख्यतः एकच होती: काकींची दरड.

दुसऱ्याच दिवशी काकींना घेऊन तिथे गेलो. दरड माणसाच्या उंचीची झाली होती. वरून पडणारं पाणी पायथा पोखरत होतं आणि वरचा काळा थर छज्जासारखा लोंबत होता. तो लवकरच कोसळणार हे कोणीही सांगितलं असतं. त्यांनी ते चैत्रातच सांगितलं होतं. मी त्यांची माफी मागितली.

ध्रुवनारायण आणि रामबाबू यांच्या मघाच्या अंदाजाचा दुसरा भाग इथे लागू पडतो, आणि तो माझ्या ध्यानात तेव्हा आला नव्हता. सुटलेल्या मातीपैकी ६१ टक्के नुसती एका जागेवरून दुसरीकडे सरकते, १० टक्के धरणांत बसते, २९ टक्के समुद्राला जाते, असं त्यात म्हटलं आहे. शेतातून निघालेली बरीच माती खालच्या शेताच्या कडेला, धुऱ्याच्या गवतात अडकते. नाल्याच्या काठाची माती पडते तीच पाण्यात, तिला अडवायला वाटेत काही नसतं. तळं वाचवायचं असेल तर दरडीतली एक ट्रॉली शेतातल्या एका ट्रॉलीहून महाग धरायला हवी. शेतकऱ्याचं शेत वाचवायचं असेल तर हिशेब उलटा होतो. आमची समिती ही दोन कामं एकच समजून चालली होती.

दुसऱ्या वर्षाचं काम

कार्तिकात, जमिनीत ओल असतानाच काम सुरू केलं. योजनेचा पुढचा हप्ता यायचा होता, म्हणून वर्गणी काढली. आधी दरड. तिचा उभा कडा तासून उतरता केला, त्यावर दगडांचं अस्तर (पिचिंग) केलं आणि गाडीवाटेचं पाणी दरडीवर पडण्याआधीच बाजूच्या गवती पट्ट्यात वळवलं. खाली नाल्यात अनघड दगडांचे पाच लहान बांध घातले. पहिला दोन्ही काठांत न रुतवता रचला, तर अवकाळी पावसातच पाणी त्याच्या कडेने काठ कापून गेलं. मग पाचही बांधांची टोकं काठात हातभर आत घेतली आणि मधला भाग खोलगट ठेवला, म्हणजे पाणी मधूनच जातं.

शेतांवर फुटलेले बांध पुन्हा उभे करायचे की नाही, यावर दोन बैठका गेल्या. ज्यांचं पीक वाहून गेलं होतं ते भाऊ म्हणाले, बांध नकोत. त्यांचा हक्क होता. शेवटी ज्यांना हवे त्यांच्याकडेच ढाळाचे बांध केले, दगडी सांडव्यासह, ओली माती थरावर थर धुम्मस करून. बाकीच्यांनी रुंद वरंबा-सरी पद्धतीने, उताराला आडवी पेरणी करायचं मान्य केलं. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था हा सल्ला बऱ्याच काळापासून देत आली आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघतं, ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते. आप्पा पहिले तयार झाले. त्यांचं शेत लांब आणि अरुंद, उताराच्याच दिशेने. आडवी पेरणी म्हणजे ट्रॅक्टरचे फेरे वाढणार, डिझेल वाढणार. "तू म्हणतोस म्हणून एक वर्ष," असं म्हणून त्यांनी केली. पुढच्या वर्षी मला सांगायची वेळ आली नाही.

गाळ काढायचं काम सगळ्यांत शेवटी ठेवलं, दुसऱ्या उन्हाळ्यात. काळा गाळ भारी जमिनीत न टाकता माथ्याकडच्या बरड शेतांना दिला. तिथे ओल धरायला त्याचा उपयोग झाला. पिवळी रेती गाडीवाटेवर पसरली.

निकाल

दरडीच्या कड्यापासून मागे हात-हात अंतरावर आम्ही पाच खुंट्या ठोकल्या होत्या. पहिल्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत दोन गेल्या. काम झाल्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत एकही गेली नाही. भाद्रपदातल्या बाटल्यांत पिवळा थर आता नखाएवढा असतो.

काळ्या गाळाबद्दल मला एवढं ठामपणे बोलता येत नाही. आषाढातली बाटली चार बोटांवरून दोन बोटांवर आली आहे, पण या दोन वर्षांत पेरणीनंतर ३८ मिलिमीटरची तशी सर चाळीस मिनिटांत पडलेली नाही. मोठी नोंदली ती २६ मिलिमीटरची, तासाभरात. वेगळ्या पावसाची तुलना करून कामाला श्रेय देणं खोटं होईल. आणखी चार-पाच पावसाळे त्याच जागी, त्याच पद्धतीने बाटल्या भरल्या तरच सारख्या सरी सारख्यांशी ताडून पाहता येतील. नातू आता इंदुरात कॉलेजला आहे. बाटल्यांचं काम त्याच्या धाकट्या बहिणीकडे आलं आहे.

तळ्यात मागच्या वर्षी होळीनंतरही पाणी होतं. त्यातलं किती गाळ काढल्यामुळे आणि किती वरच्या कामामुळे, हे वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही लागोपाठ झालं.

आज पुन्हा करायचं झालं तर

एक पावसाळा नुसता मोजण्यात घालवला असता. वीस बाटल्या, एक काठी, एक पर्जन्यमापक आणि पावसात उभं राहायला तयार असलेलं एक पोर, एवढ्यात हे झालं असतं, आणि त्या भावांचं पीक वाचलं असतं. त्यांना आम्ही वर्गणीतून बियाण्याचे पैसे दिले. धुपलेल्या मातीची भरपाई कशातच नव्हती.

तळ्यातल्या खड्ड्याचे पट्टे दिसले त्याच दिवशी त्यांचा रंग पाहून वर चालत गेलो असतो, तर दरड चैत्रातच सापडली असती. मातीचा उगम शोधायला खालून वर, नाल्याच्या पात्रातून पायी जावं लागतं, तेही पावसात. आम्ही नकाशा वरून खाली वाचत होतो.

मुदतीसाठी सुक्या मातीचे बांध घालण्यापेक्षा पैसे परत गेले असते तरी चाललं असतं. बैठकीत हे बोलायची हिंमत व्हायला हवी होती, विशेषतः माझी.

आणि माथ्यावरचा माळ अजून तसाच आहे. तो शेजारच्या पंचायतीच्या हद्दीत येतो, चराई मात्र दोन्ही गावांची. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे व्हावं हा नियम आम्ही तिथेच मोडला, कारण माथा आमच्या हातात नव्हता. माळावर समतल चर खणायचे आणि दोन वर्षं चराईबंदी ठेवायची, असा प्रस्ताव काकींनी त्यांच्याकडे नेला आहे. बंदीच्या काळात बकऱ्या कुठे न्यायच्या, हे त्यांनीच वाटांसकट लिहून दिलं आहे. शेजारच्या गावाची बैठक ज्येष्ठात आहे. आप्पा आणि मी काकींबरोबर जाणार आहोत, काळी आणि पिवळी अशा दोन्ही बाटल्या घेऊन.